प्रत्येक वेळी मूळव्याधच नसते: मोठ्या आतड्याचा कॅन्सर वेळेत पकडायचा कसा

शौचात रक्त दिसलं की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं, "अरे मूळव्याध असेल, उष्णता झाली असेल, ताक पी." आणि इंदूरात तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही, आदल्या रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) झालेला असतो, वर जिरावणाचा मसाला, मग सकाळी जे होईल त्याचं खापर तिखटावर. बहुतेक वेळा ती मूळव्याधच निघते, हे मान्य. पण न बघता कोणी कसं सांगणार?

मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून नोकरी झाली, आता रिटायर आहे, लोकमान्य नगरला राहतो आणि कॉलनीतली मंडळी अजूनही रिपोर्ट घेऊन दारात उभी राहतात. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच क्रमाने लिहून टाकतो, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी हे समजून घ्या की या कॅन्सरच्या मागे लागण्यात अर्थ का आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा एकदम उगवत नाही. आतल्या अस्तरावर एक छोटी गाठ येते, तिला पॉलिप म्हणतात, त्यातल्या अ‍ॅडिनोमा जातीच्या काही गाठी हळूहळू बिघडत जातात आणि कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. फिअरॉन आणि व्होगेलस्टाइन या दोघांनी १९९० मध्ये मांडलं होतं की एकामागून एक जीन कसे बिघडत जातात, आजही तेच चित्र शिकवतात. म्हणजे आपल्याकडे वर्षानुवर्षांची मुदत असते, आणि त्या काळात ती गाठ दुर्बिणीतून तारेच्या फासाने काढून टाकली की तिचा कॅन्सर होण्याचा प्रश्नच मिटला. अमेरिकेतल्या नॅशनल पॉलिप स्टडीने १९९३ मध्ये दाखवलं की पॉलिप काढलेल्या लोकांत हा कॅन्सर अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी झाला, आणि त्याच लोकांचा पुढे माग ठेवला तर २०१२ मध्ये कळलं की मृत्यूही सुमारे निम्मे झाले. उलट बाजूला बघा, २०२२ मध्ये जगात या कॅन्सरचे १९ लाखांच्या वर नवे पेशंट आणि ९ लाखांच्या आसपास मृत्यू. अमेरिकेतले आकडे सांगतात की आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी ९० टक्क्यांच्या आसपास लोक हयात असतात, लिव्हर-फुप्फुसात पोचल्यावर सापडला तर १५ टक्क्यांच्या आसपास.

भारतात याचं प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा बरंच कमी आहे, तेव्हा घाबरून सगळ्या कॉलनीने दुर्बीण घालून घ्यायला पळायची गरज नाही. पण इथे एक मेख आहे. आपला सरकारी तपासणी कार्यक्रम तिशीनंतर तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बघतो, आतड्याचा त्यात नाही. इंग्लंडमध्ये घरी टपालाने शौचाच्या तपासणीचं किट येतं, इथे तुम्हाला कोणी बोलावणार नाहीये, स्वतःच उठायचंय.

तर पहिलं काम, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आत्या, मामा, आजोबा, कोण कशाने गेलं. आपल्याकडे "पोटाचा आजार झाला होता" यापलीकडे कोणी बोलत नाही, त्यात दोन घराणी इंदूर-देवासची, एक पुण्याची, कागद कुणाकडेच नाही, तरी खोदून विचारा, आणि किती वर्षांचे असताना झाला ते नक्की विचारा. सख्ख्या नात्यात, म्हणजे आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं यात कुणाला साठीच्या आत आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर तुमची तपासणी चाळिशीला, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा, आणि मग सहसा दर पाच वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं. उदाहरणार्थ मोठ्या भावाला ४४ व्या वर्षी झाला तर तुमचं वय ३४ धरा. आणि एकाच घरात तीन जणांना, दोन पिढ्यांत, त्यातला एक पन्नाशीच्या आतला, असं दिसलं किंवा आतड्याबरोबर बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर दिसला तर लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक प्रकार असू शकतो, तिथे नेहमीचे नियम लागूच होत नाहीत, जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे जावं लागतं.

दुसरं, लक्षणं. नीट ऐका, लक्षण असेल तर पुढची स्क्रीनिंगची (काही त्रास नसताना करायच्या तपासणीची) चर्चा तुमच्यासाठी नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं. रक्त पडणं, पोटाची सवय काही आठवडे बदललेली राहणं (कधी नव्हे ते जुलाब, किंवा बद्धकोष्ठ, किंवा जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं न वाटणं), पोटात वारंवार कळ, कारण नसताना वजन उतरणं. आणि एक लक्षण जे लॅबमध्ये बसून मला सगळ्यात जास्त खुपायचं, लोहाची कमतरता. साठीच्या काकूंचं हिमोग्लोबिन आठ, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तळाला, आणि घरचे म्हणतात उपास फार करते हो, आयर्नच्या गोळ्या चालू, तीन महिन्यांनी परत तेच. पाळी बंद झालेल्या बाईला किंवा कुठल्याही वयाच्या पुरुषाला लोह कमी पडून अ‍ॅनिमिया झाला तर रक्त कुठून तरी जातंय का हे शोधायलाच हवं, वरून आणि खालून दोन्हीकडून दुर्बीण लागते, नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवणं म्हणजे गळका नळ सोडून टाकी भरत बसणं. आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत पन्नाशीच्या आतल्या पेशंटचा अभ्यास झाला त्यात निदानाच्या महिनोन् महिने आधीपासून दिसणारी चार लक्षणं निघाली, पोटदुखी, गुदद्वारातून रक्त, जुलाब आणि हेच लोह कमी पडणं.

डॉक्टरने बोटाने तपासू का विचारलं तर नाही म्हणू नका. अर्ध्या मिनिटाचं काम, लाज वाटते, कबूल, पण रेक्टमच्या, म्हणजे गुदाशयाच्या, खालच्या भागातली गाठ बोटाला लागते. आणि रक्त पडतंय असं सांगून न तपासताच मूळव्याधीचं मलम लिहून दिलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा, वैद्य असोत, होमिओपॅथ असोत की एमबीबीएस. "सोनोग्राफी नॉर्मल आली" हे उत्तर इथे चालत नाही, सोनोग्राफीत आतड्याच्या आतली गाठ सहसा दिसतच नाही.

आता ज्यांना काही त्रास नाही, घरात कुणाला नाही, त्यांनी काय करायचं. अमेरिकेत आधी पन्नाशीला सुरू करा म्हणायचे, २०२१ पासून त्यांच्या सरकारी तज्ज्ञ समितीनेही ४५ केलं कारण तरुणांत प्रमाण वाढतंय. जपानमध्ये १९९२ पासून चाळिशीपुढच्यांची दरवर्षी शौचाची तपासणी होते. भारतात असं ठरलेलं वय नाही, माझ्या मते ४५-५० ला स्वतःच सुरुवात करावी, डायबेटीस, सुटलेलं पोट, तंबाखू किंवा दारू यातलं काही असेल तर जास्तच.

कुठली टेस्ट? दोनच लक्षात ठेवा, एफआयटी आणि कोलोनोस्कोपी. एफआयटी म्हणजे शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त अँटिबॉडीने पकडणं. जुनी ऑकल्ट ब्लड टेस्ट ग्वायॅक नावाच्या रसायनावर चालते, तिच्यासाठी आधी मटण बंद, व्हिटॅमिन सी बंद अशी पथ्यं, तरी खोटे पॉझिटिव्ह येतात. तिचं महत्त्व कमी नाही हं, मिनेसोटातल्या मोठ्या प्रयोगात १९९३ मध्ये हिच्याच दरवर्षीच्या तपासणीने मृत्यू ३३ टक्के कमी झाले होते. पण आज एफआयटी मिळत असेल तर तीच करा. लॅबमध्ये नुसतं "स्टूल टेस्ट" म्हणू नका, त्यात तुमचे जंत बघून पाठवतील, "ऑकल्ट ब्लड, इम्युनो पद्धतीने" असं विचारा.

सॅम्पलबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथेच गडबड होते. डबी लॅबची घ्या, घरातली लोणच्याची बरणी धुऊन आणू नका (आणतात लोक, काय सांगू). कमोडमधलं पाणी आणि लघवी मिसळू देऊ नका, सीटवर जुना पेपर किंवा प्लास्टिक अंथरा. काडीवाली बाटली दिली असेल तर काडी दोन-तीन ठिकाणी फिरवायची, भरभरून गोळा घालायचा नाही. पाळी चालू असेल किंवा मूळव्याधीतून उघड रक्त येत असेल त्या दिवसांत देऊ नका. आणि इंदूरचा मे महिना, डबी स्कूटरच्या डिकीत ठेवून राजवाड्याला दोन कामं उरकून मग लॅबमध्ये आलात तर उष्णतेने हिमोग्लोबिन मोडतं आणि रक्त असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. सकाळी घेतलं की सरळ लॅबला या.

एकदा केलेली एफआयटी शंभरातले साधारण ७९ कॅन्सर पकडते, पॉलिप मात्र त्याहून बरेच कमी, म्हणून ती दरवर्षी किंवा फार तर दोन वर्षांनी करत राहायची असते, एकदा निगेटिव्ह आली म्हणून आयुष्यभराची सुट्टी नाही. आणि पॉझिटिव्ह आली तर परत एफआयटी करून बघू असं नाही, कोलोनोस्कोपी करायची. लोक नेमकं हेच करतात, दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन निगेटिव्ह रिपोर्ट मिळवतात आणि सुटलो म्हणतात. २०१७ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात पॉझिटिव्हनंतर दहा महिन्यांपेक्षा उशीर केलेल्यांत कॅन्सर जास्त आणि पुढच्या स्टेजचे सापडले होते.

मग थेट कोलोनोस्कोपीच का नको, असं विचाराल. करू शकता, साफ निघाली तर दहा वर्षं बघायला नको. पण संशोधन काय सांगतं तेही बघा. २०२२ मध्ये पोलंड, नॉर्वे, स्वीडनमधला नॉर्डिक प्रयोग छापून आला, सुमारे ८५ हजार लोक, काहींना कोलोनोस्कोपीचं बोलावणं पाठवलं, काहींना नाही. दहा वर्षांत बोलावलेल्या गटात कॅन्सर ०.९८ टक्के, दुसऱ्यात १.२० टक्के, म्हणजे १८ टक्के घट, मृत्यूत ठळक फरक नाही. यावर "कोलोनोस्कोपी बेकार" असे मेसेज फिरले, ते अर्धवट होते, कारण बोलावलेल्यांपैकी फक्त ४२ टक्के आले होते, बाकीच्यांनी केलीच नाही. स्पेनमध्ये ५७ हजार लोकांत एका कोलोनोस्कोपीची दर दोन वर्षांच्या एफआयटीशी तुलना केली, २०२५ मध्ये निकाल आला, दहा वर्षांतले मृत्यू जवळजवळ सारखेच, आणि एफआयटीला लोक जास्त आले. म्हणून माझं म्हणणं, त्रास नाही, घराण्यात नाही, तर एफआयटीने सुरुवात करा, दरवर्षी वाढदिवसाच्या महिन्यात. ज्यांना दरवर्षी लक्षात राहणार नाही हे स्वतःला माहीत आहे त्यांनी एकदा कोलोनोस्कोपी करून मोकळं व्हावं.

एक टेस्ट मात्र करू नका, सीईए नावाची रक्ताची. फुल बॉडी पॅकेजात "कॅन्सर मार्कर" म्हणून घुसवलेली असते. ती आधीच कॅन्सर झालेल्यांचा पाठपुरावा करायला आहे, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये बहुधा नॉर्मल असते आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कॅन्सर नसतानाही वाढते. अमेरिकेत २०२४ मध्ये डीएनएवर आधारित एका रक्ततपासणीला मंजुरी मिळाली, ती कॅन्सर ८३ टक्के पकडते पण पुढे बिघडू शकणारे मोठे पॉलिप फक्त १३ टक्के, म्हणजे आपला जो सगळा खेळ, कॅन्सर होण्याआधी काढायचा, तोच त्यात साधत नाही.

कोलोनोस्कोपी ठरली तर खरी परीक्षा तयारीची. आतडं साफ नसेल तर डॉक्टरला छोटे पॉलिप दिसत नाहीत, मग पैसे आणि त्रास दोन्ही वाया. आयर्नची गोळी पाच-सात दिवस आधी बंद. रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन, यांचं डॉक्टरला विचारून, स्वतःच्या मनाने बंद नाही. दोन-तीन दिवस आधीपासून बिया, सालं, चोथा बंद: पेरू, टोमॅटो, तीळ, शेंगदाणे, भुट्ट्याचा कीस, पालेभाजी, मोड आलेली उसळ, इसबगोल. म्हणजे आपले पोहे पण गेले, त्यात शेंगदाणे, कांदा, सेव, डाळिंबाचे दाणे सगळंच असतं. नवीन अमेरिकन सल्ला एकच दिवसाचं पथ्य पुरे म्हणतो, पण आपलं जेवण त्यांच्यापेक्षा बियांचं, तुमचे डॉक्टर सांगतील ते धरा. मऊ पांढरा भात, गाळलेलं वरण, दही, सोललेला बटाटा चालतो. आदल्या दिवशी बहुतेक ठिकाणी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, डाळीचं निवळ पाणी, बिनदुधाचा चहा. लिंबाची शिकंजी चालेल, इंदूरची नव्हे, ती रबडीची सख्खी बहीण आहे. लाल-जांभळं काही नको, गुलाब सरबत, कोकम, बीट, आतमध्ये रक्तासारखं दिसतं.

पोट साफ करायचं पावडरचं औषध अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी, याने आतडं जास्त साफ होतं, आणि तपासणीच्या दोन तास आधी पिणं संपलं पाहिजे. चव वाईट असते, थंड करून प्या. घरातला एक संडास त्या रात्री तुमच्या नावावर लिहून द्यायला सांगा, व्हॅसलीन जवळ ठेवा. शेवटी पिवळसर स्वच्छ पाणी पडायला लागलं म्हणजे जमलं, गढूळ असेल तर हॉस्पिटलला फोन करून सांगा. भुलीचं इंजेक्शन देतात म्हणून सोबत कुणीतरी हवं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सही-व्यवहाराचं काम नाही. धोका आहे का? आतड्याला भोक पडण्याची शक्यता हजारात एक किंवा त्याहून कमी, पॉलिप काढला तर रक्तस्रावाची थोडी जास्त. नंतर पोट खूप दुखलं, ताप आला, रक्त थांबेना तर घरी बसायचं नाही.

खर्च ठिकाणाप्रमाणे फार बदलतो, दोन-तीन ठिकाणी फोन करा, आणि पॉलिप निघाला तर काढायचे आणि बायोप्सीचे पैसे वेगळे का, हे आधीच विचारून ठेवा. एमवाय या इथल्या सरकारी हॉस्पिटलमध्येही चौकशी करा. सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो, पण ते भरती झाल्यावरच्या उपचारासाठी आहे, ओपीडीतली तपासणी त्यात धरू नका.

तपासणी झाल्यावर रिपोर्ट हातात आला की चार गोष्टी बघा. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या पार टोकापर्यंत पोचली का, तिथला फोटो आहे का. साफसफाईचा बोस्टन स्कोर किती, नऊपैकी सहा किंवा जास्त हवा आणि तिन्ही भागांत निदान दोन-दोन. बाहेर काढताना किती वेळ बघत आले, निदान सहा मिनिटं, आता आठ म्हणतात. आणि पॉलिप दिसला असेल तर किती मिलिमीटरचा, कुठे, पूर्ण काढला का. डॉक्टरला हे विचारणं उद्धटपणा नाही. २०१४ चा एक मोठा अभ्यास आहे, डॉक्टरचं अ‍ॅडिनोमा सापडण्याचं प्रमाण एक टक्का वाढलं की त्याच्या पेशंटमधला नंतरचा कॅन्सर सुमारे तीन टक्के कमी, म्हणजे बघणाऱ्याने फरक पडतोच.

आणि ही बाटली. आपल्याकडे कितीदा काढलेला पॉलिप छोट्या बाटलीत घालून नातेवाइकाच्याच हातात देतात, जा लॅबमध्ये देऊन या. ती बाटली घरी फ्रिजवर विसरायची नाही, त्यातलं पाणी फॉर्मेलिन आहे ते ओतून टाकायचं नाही (विषारी आहे, वास घेऊ नका, मुलांपासून लांब), वर नाव, वय आणि आतड्याचा कुठला भाग हे लिहिलंय ना तपासायचं, दोन बाटल्या असतील तर दोन्हींवर. ती पोचली नाही तर तुमच्या पॉलिपची जात कुणालाच कळणार नाही, आणि पुढचं सगळं गणित त्या जातीवर आहे.

खाण्यापिण्याचं थोडक्यात, कारण यावर सगळेच बोलतात. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस पक्क्या कारणांच्या यादीत टाकलं, रोज ५० ग्रॅमला १८ टक्के जोखीम जास्त. मटण "बहुधा" च्या यादीत, आठवड्याला शिजवलेलं अर्धा किलोच्या आत ठेवा. दारू, तंबाखू, पोटाचा घेर, बसून राहणं, यांचा संबंध पक्का आहे. चोथा आणि अख्खं धान्य उपयोगी, आणि २०२५ च्या ऑक्सफर्डच्या अभ्यासात साडेपाच लाख बायकांमध्ये रोज ३०० मिलिग्रॅम जास्त कॅल्शियम, म्हणजे साधारण एक ग्लास दूध, घेणाऱ्यांत जोखीम १७ टक्के कमी दिसली. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं असं नाही, पण दूध काही महाग औषध नाही. सेवेवर, म्हणजे शेवेवर, कुणी असा अभ्यास केलेला माझ्या पाहण्यात नाही, भिया, तेवढा दिलासा घ्या, वजन मात्र तिने वाढतंच. अ‍ॅस्पिरिन मनाने सुरू करू नका. लिंचवाल्यांत रोज ६०० मिलिग्रॅमने आतड्याचा कॅन्सर सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला हे खरं, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, बाकीच्यांना पोटातून रक्तस्रावाचाच धोका. आणि ज्यांना कॅन्सर होऊन ऑपरेशन-केमो झालंय त्यांच्यासाठी एक चांगली बातमी, २०२५ च्या चॅलेंज प्रयोगात ८८९ पेशंट होते, तीन वर्षं आखून दिलेला व्यायाम करणाऱ्या गटात आठ वर्षांनी ९०.३ टक्के हयात, नुसतं माहितीपत्रक दिलेल्यांत ८३.२ टक्के. चालायला लागा, रस्त्यावर कुत्री आहेत हे कारण मला सांगू नका.

बायोप्सी आल्यावर पुढची तारीख ठरते. दहा मिलिमीटरपेक्षा लहान एक-दोन साधे ट्युब्युलर अ‍ॅडिनोमा असतील तर सात ते दहा वर्षांनी, तीन-चार असतील तर तीन ते पाच, पाच ते दहा असतील तर तीन. एखादा दहा मिलिमीटर किंवा मोठा, किंवा रिपोर्टमध्ये "व्हिलस" किंवा "हाय ग्रेड डिस्प्लेसिया" लिहिलं असेल तरी तीन वर्षांनी, आणि दहापेक्षा जास्त असतील तर एका वर्षाने. रेक्टममधले बारीक हायपरप्लास्टिक असतील तर काळजी नको. कॅन्सरच निघाला तर त्या तुकड्यावर एमएमआरची (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं शाबूत आहेत का याची) तपासणी करायला सांगा, लिंच आहे का ते त्यातून पहिल्यांदा कळतं. पुढची तारीख फाइलच्या वर मोठ्या अक्षरात लिहा, रिपोर्टचा फोटो सख्ख्या भावंडांना पाठवा आणि खाली तुमचं वय लिहा, कारण त्यांचे डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारणार आहेत.